घोटून घ्यायचं की झाडू मारायचा?

पाऊस परतीला लागला की माझ्याकडे अंगणाची पत्रं सुरू होतात. चार महिने दारातल्या शेवाळावरून पाय जपत काढलेले असतात, दिवाळी तोंडावर असते आणि काँक्रीटच्या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखे महिने आपल्याकडे नाहीत. या वेळी पत्रं बरीच आली. सहा घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचंही उत्तर त्यातच आहे.

ताई, नमस्कार. नेरूळला आमचं जुनं रो हाउस आहे. पुढची जागा १२ फूट बाय १८ फूट. एक गाडी, मुलाची मोटारसायकल आणि माझ्या बाबांची संध्याकाळची खुर्ची, सगळं तिथेच. जुना कोबा फुटलाय. काँट्रॅक्टर स्टॅम्प काँक्रीट सुचवतो आहे, मोबाइलवर फोटोही दाखवले, अगदी दगडी फरशी वाटते. ह्यांना ते फार आवडलंय. शेजारी म्हणतात ट्रिमिक्स करा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. काय करू? — एक वाचक, नेरूळ

ते फोटो कुठल्या महिन्यातले होते? काँट्रॅक्टरच्या मोबाइलमधलं प्रत्येक अंगण जानेवारीतलं असतं. कोरडं, झाडलेलं, कोपऱ्यात एक कुंडी. तुमचं अंगण जून ते सप्टेंबर ओलं राहणार आणि बाबा त्यावरूनच दूध आणायला जाणार. नमुना बघायला जाल तेव्हा बादलीभर पाणी मागा, नमुन्यावर ओता आणि रोजची रबरी चप्पल घालून त्यावर चालून बघा. काँट्रॅक्टर हसेल. हसू दे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीसेक वर्षांपूर्वी कळव्याला आमच्या बैठ्या घराचं अंगण मी स्वतः उभं राहून करून घेतलं. तेव्हा माझा दिवस ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या जमिनी करण्यात जायचा, डोळ्याला तीच सवय. मिस्त्रीला म्हटलं, लोखंडी गुरमाळ्यानं चांगलं घोट. त्यानं घोटलं, वर कोरडं सिमेंट मारून पुन्हा घोटलं आणि अभिमानानं म्हणाला, "मॅडम, एकदम काच बना दिया." काचच होती ती. जुलैत सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या आणि मनगट मोडून घेतलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. दसरा झाल्यावर मी त्या जमिनीला छिन्नीनं टोचे मारून घेतले, पण टोचलेली जमीन टोचलेलीच दिसते.

आता तुमचं. स्टॅम्प काँक्रीटमध्ये ओल्या काँक्रीटवर रंगीत पावडर घोटतात, साचा चिकटू नये म्हणून वरून दुसरी एक सुटी पावडर मारतात, रबरी साचे दाबतात आणि काँक्रीट पुरेसं सुकल्यावर त्यावर सीलर, म्हणजे वरचा संरक्षक लेप, चढवतात. दिसतं छान, मी नाकारत नाही. दुखणं सीलरचं आहे. लावला तर पावसात निसरडा, न लावला तर रंग झिजतो. सीलरमध्ये बारीक रवाळ पावडर मिसळून पकड वाढवता येते. काँट्रॅक्टरनं ती गोष्ट आपणहून काढली नसेल तर तुम्ही काढा आणि त्याचा चेहरा बघा. दोन-तीन वर्षांनी सीलर पुन्हा मारावा लागतो. खालून ओल आली की अॅक्रिलिक सीलर पांढुरका पडतो, आणि आपल्या पावसात ओल येतेच. शिवाय उद्या पाण्याच्या पाइपसाठी एक पट्टा फोडावा लागला तर त्या रंगाचं ठिगळ जन्मात जुळत नाही. यजमानांना फारच आवडलं असेल तर दारासमोर जेवढा भाग छताखाली येतो तेवढ्यात करा. त्यांचं मनही राहील.

ट्रिमिक्स म्हणजे ओतलेल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं आणि यंत्रानं घोटायचं. गोदामाला, सोसायटीच्या आवाराला उत्तम. तुमच्या २१६ चौरस फुटांसाठी तो सगळा लवाजमा दारात आणायचा तर भाडंच कामाच्या वर जाईल. आणि शेवटचा हात गुळगुळीत मारला तर पुन्हा काचच.

मी तुमच्या जागी असते तर पाच इंच जाडीचं एम-२५ (ही ताकदीची प्रत) काँक्रीट आणि वर झाडूची फिनिश एवढंच केलं असतं. ऐकायला गरीब वाटतं. पण सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी निसरडी आणि डागडुजीला सोपी तीच. काँक्रीट समतल करून लाकडी गुरमाळा फिरवायचा, लोखंडी एकदाच हलका, आणि मग ताठ केसांचा नायलॉनचा झाडू एका दिशेनं ओढत न्यायचा, मध्ये न थांबता. खराटा नको, तो खडी उकरतो. केरसुणीनं नुसता धुरळा उठल्यासारखं दिसतं. झाडू ओला करून झटकून घ्या, आणि आधी दोन फुटांच्या तुकड्यावर मारून बघा. रेषा गाडीच्या चालीला आडव्या असू देत. कडेनं चार-सहा इंचांची गुळगुळीत पट्टी सोडली की साध्या झाडूच्या कामालाही चौकट मिळते आणि ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

जीव जातो तो वेळेवरून. काँक्रीट ओतून समतल केलं की थोड्या वेळानं त्याच्या अंगावर पाणी सुटतं. घाईतला मिस्त्री त्या पाण्यातच गुरमाळा फिरवतो, किंवा पाणी टिपायला कोरडं सिमेंट उधळतो. आमच्या मिस्त्रीनं तेच केलं होतं. त्यानं वरचा पापुद्रा कच्चा राहतो, बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि वर्षभरात जमीन भुरभुरू लागते. पाणी आपोआप उडून चमक जाईपर्यंत थांबायचं. पाय ठेवल्यावर ठसा पाव इंचापेक्षा खोल उमटत नसेल तर गुरमाळ्याला हात घाला. थंडीत याला दोन तास लागतात, कधी जास्त. या वेळेत मिस्त्री जेवायला गेला तर बोलावून आणायची जबाबदारी घरातल्या कुणीतरी घ्या.

बाकीचं भराभर सांगते. ढाळ घरापासून फाटकाकडे, १८ फुटांत तीन इंच. पाणी-नळी (पातळी बघायची नळी) लावून माझ्यासमोर दाखव, असं मिस्त्रीला म्हणा. खाली मुरूम ठोकून, त्यावर प्लास्टिकचा कागद. सळईची जाळी तळाशी लोळत नको, वरच्या पृष्ठापासून दोन इंचांवर कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उभी हवी. मजूर तिच्यावर चालून ती खाली बसवतात, बघत राहा. घराच्या भिंतीला आणि चेंबरला काँक्रीट थेट भिडू देऊ नका, मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी कटरनं सव्वा इंच खोल चर मारून ६ बाय ६ फुटांचे सहा चौकोन पाडून घ्या. काँक्रीट आकसणार आणि चिरणार हे ठरलेलं. चर असला तर ते चरातच चिरतं आणि कुणाला दिसत नाही. काँक्रीटवर पाणी किमान १० दिवस ठेवा, मी १४ म्हणते, कारण दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं आणि त्याला ताकद धरायला वेळ लागतो. कडेनं मातीची आळी घाला आणि पाणी साठवा. गोणपाट टाकलं तर ते सुकू देऊ नका. गाडी तीन आठवडे रस्त्यावर.

रांगोळीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डिसेंबरात विचाराल. झाडूच्या रेषांवर ठिपके बसतात, रेघ मात्र दातेरी येते. उंबऱ्याबाहेर छताखाली तीन बाय तीनचा कोटा फरशीचा चौकोन आत्ताच बसवून घ्या.

घोडबंदर रोडला टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर आहे. रस्ता वर आणि पार्किंग खाली, त्यामुळे रॅम्प आहे. गेल्या पावसाळ्यात स्कूटर दोनदा घसरली. रॅम्पवर खरखरीत रंग मारून भागेल का? — एक वाचक, ठाणे

वर्षभर भागेल. रंग चाकांच्या वाटेवर आधी उडतो, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच नसतो.

तुमचा चढ मोजा. लांबी भागिले उंची आठपेक्षा कमी आली, तर कुठलीही फिनिश अर्धंच काम करेल. मी १:८ च्या वर जात नाही. चढ त्या हद्दीत असेल तर कटरनं चर मारून घ्या: साधारण १० मिलिमीटर रुंद, तेवढेच खोल, तीन-चार इंचांच्या अंतरानं. सरळ आडवे नकोत, तिरके असू देत. आडव्या चरांत पाणी आणि माती साचून राहते, तिरक्यातून ती कडेच्या गटारात निघून जाते. मधोमध शेंडा करून दोन्ही बाजूंना उतरणारे चर दिलेत तर आणखी बरं. आणि रॅम्प संपतो तिथे आडवं गटार व बिडाची जाळी आहे ना? टेकडीच्या पायथ्याला नुसतं तुमच्या रॅम्पचं नाही, वरच्या सगळ्या रस्त्याचं पाणी येतं. जाळीही गंजून गुळगुळीत झालेली असू शकते. स्कूटर नक्की कुठे घसरली ते आठवा, बऱ्याचदा ती जाळीवरच घसरते.

वाशीला आमच्या दारातला काँक्रीटचा कोबा मधोमध दीड इंच खचलाय आणि आडवा-उभा चिरलाय. जुन्यावरच दोन इंच नवीन काँक्रीट टाकून वर एक्सपोज्ड खडीची फिनिश (वरचा थर धुऊन खडी उघडी ठेवायची) करू, असं मिस्त्री म्हणतो. करावं? — एक वाचक, वाशी

नका. खालची जमीन खचते आहे आणि तुम्ही तिच्या उरावर आणखी ओझं ठेवताय. खालच्या चिरा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जशाच्या तशा वर येतील.

वाशी, सानपाड्याकडचा खाडीकाठचा बराच भाग भरावावर उभा आहे. खाली खाडीचा मऊ चिखल, वर टाकलेला मुरूम. इमारती पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर, उभ्या करता येतात, अंगणाला कोण पाइल घालतो? त्यामुळे घर जागच्या जागी आणि अंगण हळूहळू खाली, हे तिकडे मी घरोघरी पाहिलंय. अशा जमिनीवर एकसंध काँक्रीट हाच मुळात चुकीचा निर्णय. ती हलणारच, तर तिच्यासोबत हलेल असं काहीतरी हवं.

पेव्हर ब्लॉक लावा. जुना कोबा फोडून काढा, मुरूम-खडीचा थर प्लेट कॉम्पॅक्टरनं थराथरानं ठोकून घ्या, वर इंचभर वाळू किंवा क्रश सँड, त्यावर ब्लॉक. चारी बाजूंनी काँक्रीटची कड हवीच. कड नसली तर ब्लॉक हळूहळू बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात. गाडी येत असेल तर ६० मिलिमीटर जाडीचे एम-३५ घ्या; हलक्या वाहतुकीसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक हेच सांगतं. चाक वळतं तिथे मांडणी हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी गुंफलेली. पाच वर्षांनी खड्डा पडला तर तेवढे ब्लॉक उचलायचे, खाली वाळू भरायची, तेच ब्लॉक परत बसवायचे. एक मिस्त्री, एक बिगारी, एक दिवस.

आता खरी सूचना. दुकानात दोन प्रकारचे ब्लॉक दिसतील. एक चकचकीत, लाल-पिवळे, हात फिरवला तर टाइलसारखे. ते रबरी साच्यात ओतून काढलेले. दुसरे खरखरीत, मळकट, दिसायला काही नाही. ते मशीनच्या दाबाखाली काढलेले. घरातली सगळी मंडळी पहिल्यांकडे बोट दाखवतील. तुम्ही दुसरे घ्या. चकचकीत ब्लॉकवर पहिल्या सरीला काय होतं ते सोसायट्यांच्या फाटकाशी उभं राहून पाहण्यासारखं असतं. सुरुवातीला ब्लॉकवर पांढरे डाग उठतील. तो सिमेंटमधला चुना बाहेर येतो, एखाद्या पावसाळ्यात बहुतेक धुऊन जातो. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

कोलशेतला आमचा टेरेस फ्लॅट आहे. गच्चीचा वापर बसायला करतो. तिथे तीन-चार इंच काँक्रीट टाकून लाकडी फळ्यांसारखा स्टॅम्प करता येईल का? — एक वाचक, ठाणे

नाही. एका ब्रास जागेवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर, एक इंच काँक्रीटचं वजन साडेपाचशे किलोच्या वर जातं. चार इंच म्हणजे सव्वा दोन टन, आणि तुमची गच्ची १०० चौरस फुटांपेक्षा मोठी असणार. तुमची गच्ची हे खालच्या माणसाचं छप्पर आहे. शिवाय खाली ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेलं, वॉटरप्रूफिंग आहे. उद्या गळती लागली तर ती शोधायला वरचं सगळं फोडावं लागेल. चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) असेल तर ते तसंच राहू द्या. पांढरं असल्यानं तापतही कमी. त्यावर उचलता येतील असे लाकडी किंवा प्लास्टिकचे डेक टाइल अंथरा, मेमध्ये उचलून ठेवा.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. चौकातल्या चार घरांनी मिळून जमीन करायची ठरवली आहे. एक्सपोज्ड खडी कशी? — एक वाचक, बेलापूर

तुमची वसाहत चार्ल्स कोरियांनी आखलेली. घरं छोट्या समाईक चौकांभोवती, म्हणजे चौक हीच खरी बैठकीची खोली. तिथे लहान मुलं पळणार, पडणार, गुडघे सोलणार. एक्सपोज्ड खडीत काँक्रीटच्या वरच्या थराचं सेट होणं रसायन मारून लांबवतात आणि दुसऱ्या दिवशी तो थर धुऊन खडी उघडी करतात. पकड भरपूर, डाग दिसत नाहीत, वर्षानुवर्षं टिकते. पण अनवाणी चालायला टोचते, आणि आपल्याकडची खडी काळ्या दगडाची असल्यानं मेच्या दुपारी तव्यासारखी तापते. खड्यांच्या फटींत माती बसली की शेवाळही तिथूनच धरतं.

म्हणून संपूर्ण चौक नको. चालण्याच्या वाटेवर दोन फुटांचे पट्टे खडीचे आणि मधली खेळायची जागा झाडूच्या फिनिशची, तीही हलक्या हातानं. पट्टे आणि मधला भाग वेगवेगळ्या दिवशी ओता, म्हणजे धुताना एकाचं पाणी दुसऱ्यावर येत नाही. झाड असेल तर बुंध्याभोवती किमान तीन फूट माती मोकळी सोडा. चार घरांचा खर्च सारखा वाटायचा की अंगणाच्या लांबीप्रमाणे, हे मात्र माझ्या सदराच्या बाहेरचं आहे.

कोबा धुवायला मोलकरीण अॅसिड वापरते. शेवाळ लगेच जातं. चालेल ना? आणि मागच्या बाजूला नवीन काँक्रीटवर मांजराची पावलं उमटली आहेत, ती कशी बुजवू? — एक वाचक, ऐरोली

अॅसिडनं शेवाळ जातं कारण त्याच्याबरोबर सिमेंटचाही थर जातो. वरचा थर गेला की वाळूचे कण उघडे पडतात, पुढच्या वर्षी शेवाळाला बसायला आणखी चांगली जागा मिळते, मग आणखी अॅसिड. असंच चार-पाच वर्षं चाललेला कोबा मी पाहिलाय, चपलेनं घासला तर वाळू निघत होती. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून शेवाळावर मारा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ताठ ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. कुंड्या आधी बाजूला करा. आणि बाईंना नीट बजावून सांगा, ब्लीचिंग आणि अॅसिड एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीही नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बोळात तो जिवावर बेतू शकतो. शेवाळ दरवर्षी त्याच कोपऱ्यात येत असेल तर तिथे पाणी साचतंय किंवा वरच्या एसीचा पाइप गळतोय, आधी ते बघा.

मांजराची पावलं बुजवू नका. त्यात भरलेलं सिमेंट पहिल्या उन्हाळ्यात टवका होऊन निघतं.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना जागेची लांबी-रुंदी लिहा, तळमजला की वरचा ते लिहा, आणि फोटो पाठवणार असाल तर ओल्या जमिनीचा पाठवा.